बीकॉम, बीबीए आणि ते १२० तास

जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलापाशी आई-वडील मुलाला घेऊन उभे राहतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅडम, बीबीए चांगलं की बीकॉम?’ मी सांगली जिल्ह्यातल्या एका वाणिज्य महाविद्यालयात शिकवते. मुलांना प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी पाठवायचं, तिथं जाऊन त्यांना भेटायचं, परत आल्यावर त्यांचे अहवाल तपासायचे, ही जबाबदारी गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून मी पालकांना वेगळाच प्रश्न विचारायला सांगते. कुठल्याही कॉलेजात जा आणि विचारा, ‘तुमची शेवटच्या वर्षाची मुलं यंदा कामाला कुठं गेली होती?’ समोरच्याला तीन-चार ठिकाणांची नावं आणि तिथं मुलांनी काय केलं हे पटकन सांगता आलं, तर त्या कॉलेजात लक्ष घालणारं कुणीतरी आहे. ‘मुलं आपापलं बघतात’ असं ऐकू आलं, तर तुम्हालाही आपापलंच बघावं लागणार हे धरून चाला.

हा लेख बारावी होऊन या वाटेला लागणाऱ्यांसाठी आहे. प्रवेशापासून ते कामाच्या ठिकाणचा शेवटचा दिवस संपेपर्यंत काय करायचं, ते क्रमाने सांगते.

आधी अभ्यासक्रमाची प्रत मागा

वाणिज्य शिक्षणाची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये सुरू झालं, पुण्याचं बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ मध्ये. तेव्हा पदवी एकच, बीकॉम. आज त्याच इमारतीत बीकॉम, बीबीए, बीएमएस, अकाउंटिंग-फायनान्स, बँकिंग-इन्शुरन्स अशा पाट्या शेजारी शेजारी दिसतात आणि नवीन माणूस गोंधळतो. शिवाय काही ठिकाणी जुन्या नावांची अदलाबदल झाली आहे. मुंबई विद्यापीठात ज्याला सगळे अजून बीएमएस म्हणतात, त्याचं नाव आता ‘बीकॉम, मॅनेजमेंट स्टडीज’ असं आहे. म्हणून कॉलेजच्या जाहिरात-पत्रकावर विसंबू नका. ‘पदवी प्रमाणपत्रावर नक्की काय छापून येणार?’ हे विचारा आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून सहाही सत्रांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या.

ढोबळ फरक असा. बीकॉममध्ये हिशेब, परिव्यय, कर, लेखापरीक्षण यांवर भर. बीबीए आणि बीएमएसमध्ये विपणन, मनुष्यबळ, वित्त, व्यवसायाचं नियोजन, आणि वर्गासमोर उभं राहून सादरीकरण करणं बरंच. सीए, सीएस, सीएमए करायचंय, बँकेच्या किंवा स्पर्धा परीक्षा द्यायच्यात, तर बीकॉम पुरेसं आहे, आणि अनुदानित तुकडीत प्रवेश मिळाला तर फीही अगदी कमी. सीएच्या वाटेनं जाणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा: २०२३ च्या नव्या योजनेपासून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण, दोन वर्षांची झाली आहे आणि ती दिवसभराची असते. त्यामुळे सकाळचं कॉलेज कुठं आहे ते आधी पाहा. बीबीए बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाचं असतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी घाबरू नये, पण पहिल्या सत्रात दुप्पट वेळ द्यायची तयारी ठेवावी. आमच्याकडे दरवर्षी अशी मुलं येतात, आणि दिवाळीनंतर त्यांचा आवाज वर्गात ऐकू यायला लागतो.

प्रवेशाची वाट दोन प्रकारची

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, मान्यतेखाली आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, सुरू झाली. ही परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो. इंग्रजी, तर्कबुद्धी, सामान्य ज्ञान आणि संगणकाची ओळख एवढाच आवाका आहे, त्यासाठी महागडा क्लास लावायची गरज नाही. पहिल्या वर्षी अनेक मुलांना सीईटी आहे हेच कळलं नाही आणि बारावीचा निकाल घेऊन ती थेट कॉलेजात आली. ही चूक तुम्ही करू नका. सीईटीचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी निघतात. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांतच कक्षाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. बीकॉमला सीईटी नाही, तिथं बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो.

कॉलेज एआयसीटीईच्या मान्यतेत आहे की नाही, आणि तुमचा प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, होतोय की व्यवस्थापन कोट्यातून, हे दोन्ही लिहून ठेवा. शिष्यवृत्तीचं गणित त्यावर ठरतं. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशावर पूर्ण शिक्षण शुल्काची सवलत २०२४ पासून आहे. व्यवस्थापन कोट्यातून आलेल्या मुलीला ती मिळत नाही. अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, करायचा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास हे सगळं सेतू केंद्रातून एप्रिल-मे मध्येच काढून ठेवा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, जुना दाखला घेऊन रांगेत उभं राहिलेलं मूल मला दर जूनमध्ये दिसतं.

तीन शब्दांतला फरक

ओजेटी, इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप हे तीन शब्द मुलं एकाच अर्थाने वापरतात आणि मग चुकीच्या दारात जाऊन उभी राहतात.

ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, तुमच्या पदवीचाच एक भाग. राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या राज्यातल्या आराखड्यात पदवीच्या सहाव्या सत्रात त्याला ४ क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, आहेत. एका क्रेडिटला ३० तास, म्हणून १२० तास. ते केल्याशिवाय पदवी पूर्ण होत नाही. त्याआधी तिसऱ्या-चौथ्या सत्रात क्षेत्र प्रकल्प आणि समाजकार्याशी जोडलेलं काम येतं. तुमच्या विद्यापीठात किंवा स्वायत्त कॉलेजात सत्रांचा क्रम थोडा वेगळा असू शकतो, म्हणून तुमचा आराखडा पाहाच. एमकॉमला हेच ओजेटी आधी आलं, त्यामुळे आमच्यासारख्या शिक्षकांचा हात थोडा बसला आहे.

इंटर्नशिप हा मोकळा शब्द. सुट्टीत, स्वतःच्या इच्छेने, पैसे मिळोत न मिळोत, केलेलं काम. कॉलेजने आधी लेखी मान्यता दिली तर तेच तास ओजेटीत धरता येतात, नंतर प्रमाणपत्र आणून भांडण्यात अर्थ नाही.

अप्रेंटिसशिप ही १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची गोष्ट. पदवी झाल्यावर साधारण वर्षभराची, विद्यावेतन बंधनकारक, आणि राष्ट्रीय योजनेतून ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही शिक्षण संपवलेल्यांसाठीच आहे. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिलाही पूर्णवेळ शिकणारं मूल चालणार नाही अशी अट होती. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असताना या योजनांचे फॉर्म भरत बसू नका, निकालानंतर जरूर भरा.

पहिली दोन वर्षं हाताला काय लावून घ्यायचं

कामाच्या ठिकाणी गेल्यावर पहिल्या तासात कळतं, मूल शिकवण्याजोगं आहे की त्याला बसवून ठेवायचं. एवढं आलं पाहिजे: एक्सेलमध्ये यादी लावणं, गाळणं, दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहणं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदी, विक्री, जमा, नावे, बँक या पाच नोंदी न अडखळता करणं. चार ओळींचं नीट ईमेल लिहिणं. आणि फोनवर अनोळखी माणसाशी बोलणं. हे चौथं सगळ्यांत अवघड. वर्गातल्या हुशार मुलीसुद्धा कामाच्या ठिकाणी ‘मॅडम, तुम्हीच फोन करा ना’ म्हणतात.

यासाठी सगळ्यांत चांगली शाळा म्हणजे कमवा व शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेच्या मुलांसाठी घालून दिलेली ही रीत आमच्या भागात अजून जिवंत आहे. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये याच पायावर उभं राहिलं. कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा कार्यालयात रोज दोन-तीन तास काम केलेलं मूल वेळेवर येतं, नोंदवही नीट ठेवतं आणि साहेबांसमोर उभं राहायला बिचकत नाही. ज्यांच्या घरी दुकान, गिरणी, गाळप किंवा दूध संकलन आहे, त्यांनी घरच्या वह्या पाहायला मागाव्यात. वडिलांच्या उधारीच्या वहीत जे शिकायला मिळतं ते ‘ऋणको व्यवस्थापन’ या धड्यात पुन्हा भेटतं.

जागा दिवाळीत शोधा

सहावं सत्र डिसेंबर-जानेवारीत सुरू होतं. तेव्हा शोधायला निघालेल्या मुलाला उरलेल्या जागा मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत निघा.

कुठं जायचं? मुलांच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्या असतात. मला त्यांना परावृत्त करायचं नाही, पण १२० तास म्हणजे रोज सहा तास धरले तर जेमतेम वीस दिवस. मोठ्या कंपनीत ओळखपत्र, सुरक्षा, माहितीपट यात पहिला आठवडा जातो आणि खऱ्या कामाला हात लागेपर्यंत तुम्ही परतीच्या बसमध्ये असता. त्याऐवजी सायकलने किंवा एसटीने जाता येईल अशी, दहा-वीस माणसांची जागा बघा. सीएचं ऑफिस, कर सल्लागार, पतसंस्था, नागरी बँकेची शाखा, एमआयडीसीतला मध्यम कारखाना, बाजार समितीतली अडत, दूध संघ, साखर कारखान्याचा हिशेब विभाग, औषधांचा घाऊक विक्रेता, मोटारींचं शोरूम. बीबीएला मनुष्यबळ घेतलेल्या मुलीला एमआयडीसीतल्या फाउंड्रीत हजेरी आणि भविष्य निर्वाह निधीचं काम मिळालं होतं. एवढं पुस्तकात सापडत नाही.

हातात कॉलेजचं पत्र घेऊनच जा. पत्रात तुमचं नाव, वर्ग, किती तास, कोणत्या तारखांदरम्यान आणि मार्गदर्शक शिक्षकाचा फोन एवढं असू द्या. सकाळी अकराच्या आत जा, मालक दुपारी भेटत नाही. बोलायचं थोडक्यात:

‘नमस्कार साहेब. मी बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीत मला १२० तास प्रत्यक्ष काम करायचंय, कॉलेजचं पत्र आणलंय. मला टॅलीच्या नोंदी आणि बँकेची जुळवणी येते. पैशाची अट नाही, पण काम शिकायचंय.’

शेवटचं वाक्य सोडून कुणी ‘मला सर्टिफिकेट पाहिजे’ म्हणालं की समोरचा माणूस पुन्हा संगणकाकडे वळतो. हे मी शेजारी उभी राहून पाहिलं आहे. पहिल्या तीन ठिकाणी नकार येईल, चौथ्या ठिकाणी ‘सोमवारी या’ म्हणतील. सोमवारी जा.

सीए किंवा कर सल्लागाराकडे जाणार असाल तर महिन्याचं वेळापत्रक समजून घ्या. ७ तारखेला टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) भरायचा, ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), २० तारखेला जीएसटीआर-३बी (महिन्याच्या जीएसटीचं एकूण विवरणपत्र). ५ ते २० या दिवसांत ऑफिसला माणसं हवी असतात आणि तुम्हाला शिकायलाही तेव्हाच मिळतं. २२ तारखेला गेलात तर फायली लावत बसाल.

एका बिलाची गोष्ट

ओजेटीत शिकणं म्हणजे काय, ते एका विद्यार्थिनीच्या अनुभवावरून सांगते. मिरजेतल्या एका लहान सीए ऑफिसमध्ये ती होती. इलेक्ट्रिकल सामानाच्या एका दुकानदाराने महिन्याची बिलं नेहमीप्रमाणे प्लास्टिकच्या पिशवीत आणून टाकली. तिचं काम होतं, टॅलीतली खरेदी आणि पोर्टलवरून १४ तारखेला उतरवलेलं जीएसटीआर-२बी, म्हणजे विक्रेत्यांनी आपल्या बाजूनं दाखवलेल्या बिलांची यादी, ताडून पाहायचं. रकमा जुळत होत्या, बिल क्रमांक जुळत होते, तरी तीन बिलं लाल दिसत होती. अर्धा तास ती नुसती बघत बसली. मग तिनं बिल हातात घेऊन विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक मोठ्यानं वाचला. सुरुवात २९ ने होती. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, २९ म्हणजे कर्नाटक. माल बेळगावहून आला होता, म्हणजे त्यावर आयजीएसटी, दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागलेला, आणि दुकानातल्या मुलानं सवयीनं राज्यातल्या व्यवहारासारखं सीजीएसटी-एसजीएसटी असं निम्मं निम्मं टाकलं होतं. बेरीज तीच, म्हणून कुणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं.

साहेबांनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसून नोंद कशी दुरुस्त करायची ते दाखवलं, आणि दुकानदाराला फोन तिलाच करायला लावला. हीच ती फोन न करणारी मुलगी. आमच्या पुस्तकात आंतरराज्य पुरवठ्यावर चार पानं आहेत, परीक्षेत ती सगळ्यांना येतात. सीमाभागातल्या दुकानदाराच्या पिशवीत ती कशी दिसतात, ते तिला त्या दिवशी कळलं.

पतसंस्थेत गेलेल्या मुलाचाही असाच अनुभव. पिग्मी एजंटाने यंत्रावर घेतलेली वसुली आणि संध्याकाळी काउंटरवर भरलेली रोकड ताडून पाहायचं काम त्याच्याकडे होतं. भाजी मंडईतल्या बाईंचे रोजचे पन्नास रुपये कुठल्या खात्यात, कधी आणि कुणाच्या सहीनं जमा होतात हे त्यानं पाहिलं, आणि ‘अंतर्गत नियंत्रण’ हा शब्द तो आता नुसता पाठ म्हणत नाही.

डायरी त्याच दिवशी

घरी आल्यावर जेवणाआधी दहा मिनिटं लिहा: तारीख, किती ते किती, काय काम केलं, काय अडलं, कुणी सांगितलं. ‘अकाउंटिंगचं काम पाहिलं’ अशी ओळ पाच दिवस लिहिलेली डायरी माझ्याकडे आली की मी ती परत देते. ‘मार्चच्या १८ खरेदी बिलांच्या नोंदी केल्या, दोन बिलांवर तारीख नव्हती, दुकानदाराला विचारून टाकली’ अशी ओळ हवी. दर आठवड्याला मालकाची किंवा देखरेख करणाऱ्या माणसाची सही घ्या, शेवटी एकदम घ्यायला गेलात तर साहेब परगावी असतात.

पार्टीचं नाव, खाते क्रमांक, पगाराचे आकडे डायरीत किंवा अहवालात लिहायचे नाहीत. ‘एक किराणा व्यापारी’ एवढं पुरे. फाइलचा फोटो मोबाइलमध्ये काढणं तर अजिबात नको. एका मुलाने मित्रांच्या ग्रुपवर ऑफिसच्या स्क्रीनचा फोटो टाकला आणि त्या ऑफिसचं दार आमच्या पुढच्या दोन तुकड्यांना बंद झालं.

अहवाल डायरीतून लिहायचा. संस्थेचा इतिहास संकेतस्थळावरून उतरवून वीस पानं भरू नका. तोंडी परीक्षेत मी पहिला प्रश्न विचारते, ‘तुझ्या हातून झालेली एक चूक सांग.’ ज्यानं खरंच काम केलंय त्याच्याकडे दोन-तीन तयार असतात, आणि तो सांगताना खुलतो.

कुठं नाही म्हणायचं

काम शिकवण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागणारा माणूस दिसला की तिथून निघा. हजार-दोन हजारांत घरबसल्या ओजेटीचं प्रमाणपत्र देणारे आमच्या मुलांनाही भेटले आहेत. एका वर्षी चार मुलांनी तसली प्रमाणपत्रं आणली, चौघांच्या अहवालात स्वल्पविरामासकट तोच मजकूर होता. चौघांनाही १२० तास पुन्हा करावे लागले. पैसे गेले, त्यापेक्षा उन्हाळा गेला याचं मला वाईट वाटलं, कारण ती मुलं कामाला कमी नव्हती. त्यांना वेळेवर कुणी जागा दाखवली नव्हती.

मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. सही करायला कोरा कागद पुढे आला तर कॉलेजला फोन करा.

मुलींच्या पालकांना काळजी असते आणि ती रास्त आहे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात प्रशिक्षणार्थीही ‘कर्मचारी’ धरले आहेत, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. कामाची वेळ उजेडाची ठेवा, मार्गदर्शक शिक्षकाचा नंबर पालकांकडे द्या, आणि जागा बदलावीशी वाटली तर कारण विचारत न बसता बदलून देणारं कॉलेज असावं. आम्ही बदलून देतो. तास वाया जात नाहीत, पुढच्या ठिकाणी मोजणी तिथून चालू होते.

शेवटच्या दिवशी

पूर्णत्वाच्या पत्रावर तारखा, एकूण तास आणि केलेल्या कामाचं स्वरूप लिहून घ्या, ‘समाधानकारक’ एवढ्या एका शब्दावर थांबू नका. दोन प्रती घ्या, एक कॉलेजला, एक तुमच्या फाइलला. ज्यानं शिकवलं त्या क्लार्कला किंवा मॅनेजर मॅडमना जाऊन भेटा आणि आभार माना.

आणि निघताना विचारा, ‘साहेब, जुलैत माणूस लागेल का?’ पगारदारांच्या विवरणपत्रांची मुदत ३१ जुलै असते, त्याआधीचे तीन आठवडे कर सल्लागारांच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. तोवर तुमची परीक्षा झालेली असते आणि निकाल लागायचा असतो. मिरजेची ती मुलगी अशीच जुलैत परत गेली, या वेळी पगारावर, आणि तिच्या टेबलावर साहेबांनी सगळ्यात आधी इलेक्ट्रिकलवाल्याची पिशवी ठेवली.